अकरा चेहऱ्यांचं कव्हर

कळमनुरीच्या बाजाररस्त्यावरच्या बॅनरच्या दुकानात मी नऊ वर्षं कम्प्युटरवर बसते. एका बॅनरवर माझ्याइतके चेहरे तालुक्यात कुणी बसवून दाखवावेत. वाढदिवस कुणाचाही असो. मधोमध तो, वर नेते, खाली शुभेच्छुक, आणि कुणाचा फोटो कुणापेक्षा किती मोठा, हे मला झोपेत विचारा. एकदा एका उपसरपंचाचा फोटो चुकून त्याच्या भाच्याएवढा झाला, तर गडी दोन महिने आमच्या दुकानासमोरून मान वळवून जात होता.

त्यामुळे माझी मावसबहीण साधना तिच्या पॉडकास्टसाठी कव्हरचं चित्र मागायला आली, तेव्हा मी म्हटलं, दिपा असताना काळजी कशाला? साधना सेनगावकडच्या गोरेगावात दिलेली. शेतीचा डिप्लोमा केलाय, पण सासरी तो लग्नपत्रिकेवर छापण्यापुरताच कामी आला. वर्षभर ती हळदीच्या पोत्यांच्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून डोक्यावर गोधडी घेऊन मोबाइलवर बोलत होती. बायका प्रश्न पाठवायच्या, ती उत्तरं द्यायची. बेणं कसं साठवायचं, पानावर डाग का पडतात. बोलणं इतकं साधं की शेजारीण बांधावर बसून सांगतेय असं वाटावं. ऐकणारे मात्र तिसाच्या वर कधी गेले नाहीत.

आता हिंगोलीची एक शेतकरी कंपनी आपल्या ॲपवर असे चोवीस कार्यक्रम एकाखाली एक लावणार होती. आठ दिवसांत जो सगळ्यात जास्त ऐकला जाईल, त्याला वर्षभराचं काम. साधनाचे सासरे विश्वंभरमामा यांनी सांगून टाकलं होतं की आठ दिवस बघू, नाही जमलं तर ही बडबड कायमची बंद. हळद काढणीला आलीय, घरात हात कमी आहेत. माणूस वाईट नाही, पण शब्द मागे घेत नाही. साधना हे हसत हसत सांगत होती आणि मला मात्र रडू येत होतं.

मी जीव ओतून कव्हर केलं. मधोमध साधना, वर फेट्यातले विश्वंभरमामा, बाजूला नवरा बालाजी, मग चुलतसासरे, सरपंच, असे अकरा जण. खाली ट्रॅक्टर, मागे उगवता सूर्य. नाव ठेवलं 'महिला शेतकरी मार्गदर्शन व प्रश्नोत्तर कार्यक्रम'. घरात सगळे खूश झाले. मामांनी तर ते गावाच्या ग्रुपवरही टाकलं.

पहिल्या दोन दिवसांत तिचा कार्यक्रम ऐकला गेला नऊ वेळा.

तिसऱ्या दिवशी आमचा बाजार होता. दुकानासमोर भाजी विकणाऱ्या भिकाबाईची घरची दोन एकर हळद आहे. तिच्या हातात मी फोनवर ॲपची ती यादी उघडून दिली आणि म्हटलं, तुला वाटेल ते लाव. तिचा अंगठा साधनावरून सरळ खाली गेला. हे काहून सोडलं, मी विचारलं.

"कोणाच्या तरी वाढदिवसाचं हाय न ते," ती म्हणाली. "चौकाचौकात लागून राहिले असले. कोण बघतंय?"

आधी मला तिचाच राग आला. मग मी फोन हातभर लांब धरून पाहिला. बोटाच्या पेराएवढा चौकोन, त्यात तिळाएवढे अकरा चेहरे. साधना कुठली, ते मलाच कळेना. नावाची तर नुसती मुंग्यांची रांग झाली होती. बहिणीचा आवाज माझ्याच कारागिरीनं दाबून टाकला होता आणि त्याची मला लाज वाटली.

मालकाला सांगून मी उठले, हिंगोलीत जीप बदलली आणि गोरेगाव गाठलं. अंगणात हळद शिजत होती. कव्हरवरचे सगळे फोटो काढून टाकायचे, असं मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, सरपंचाला काय तोंड दाखवू? आणि घरच्या कार्यक्रमावर घरच्या माणसाचा फोटो नाही, हे कुठं ऐकलंय? त्यांचंही खरं होतं. आमच्याकडे फोटो काढून टाकणं म्हणजे माणसाला पंगतीतून उठवणं. मी वाद घातला नाही, फोन त्यांच्या हातात दिला.

"मामा, ह्यात तुमी कुठं हाव, दाखवा बरं."

त्यांनी चष्मा लावला. फोन जवळ घेतला, लांब धरला आणि शेवटी एका फेट्यावर बोट ठेवलं. तो सरपंच होता. बालाजी फिस्सकन हसला आणि मामांनी बघताच घाईनं चुलीकडे वळला. मामांनी चष्मा काढला आणि फोन मला परत दिला.

"पहिला माझा काढ," ते म्हणाले. "सरपंचाचं मी बघतो."

साधना ओसरीवर ओल्या हळदीचे गड्डे मोडत होती. हात मनगटापर्यंत पिवळेजर्द. मी तिला काळ्या घोंगडीवर तळहात ठेवायला लावला आणि फोटो काढला. पिवळा हात, काळी घोंगडी आणि दोनच ठसठशीत शब्द: शेतातली बाई. ट्रॅक्टर नाही, सूर्य नाही. मामांनी ते चष्म्याशिवाय वाचलं, दोनदा.

संध्याकाळी कव्हर बदललं. चौथ्या दिवशी दीडशे, पाचव्या दिवशी सहाशे. आठव्या दिवशी चोवीसांत साधना पहिली, दुसऱ्या नंबरच्या दुपटीनं पुढे. बायका थांबल्या त्या तिच्या बोलण्यामुळे, हे मी मानते. पण दार मी उघडलं होतं, आणि हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं.

करारावर सही करायला आम्ही गोरेगावहून जीपनं हिंगोलीला निघालो. मामा ड्रायव्हरशेजारी, आम्ही मागे बायकांच्या दाटीत. एका बाईच्या हातातली पिशवी जड दिसली, तशी साधना म्हणाली, "मावशी, इकडं द्या, मी धरते."

बाई पिशवी द्यायची विसरली आणि साधनाकडे बघतच राहिली.

"तुमी शेतातली बाई का वं?" तिनं विचारलं. "आवाज तोच हाय."

जीपमधल्या सगळ्या माना वळल्या. एकीनं बेण्याचं विचारलं, दुसरीनं डागाचं, आणि साधना गोधडीविना, भर उजेडात, एकेकीला उत्तर देऊ लागली. मामा सीटवर पूर्ण मागे वळले आणि कुणी न विचारताच म्हणाले, "सून हाय माझी." हिंगोली आलं तरी एकही बाई उतरेना. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि आपल्याही हळदीचं विचारून घेतलं.