पाठीतली गाठ

कल्पनाने पिन बोर्डात खुपसली, तसं मसाजचं मशीन तिच्या हातात गुरगुरायला लागलं. वापीच्या दुकानदाराने ‘परदेशी माल’ म्हणून गळ्यात मारलं होतं. शेजारी कॉटवर लाकडी मण्यांचा रोलर आणि छत्रीच्या मुठीसारखा वाकडा दांडा मांडलेला.

“कुठलं हवं ते सांगा. दुखरी जागा नेमकी दाबली जायला हवी.”

“कुठलंच नको,” भिंतीला पाठ लावून उभा असलेला नंदकुमार म्हणाला.

सूत कारखान्यातला हा सुपरवायझर पंधरा दिवस उजवा खांदा धरून होता. शर्ट घालताना तोंड वाकडं व्हायचं, पण पाठीला हात लावू द्यायचा नाही. चौथीच्या चाळीस पोरांना सांभाळणाऱ्या कल्पनाचाही आज धीर सुटला.

“वळा बघू.”

“नको म्हटलं ना. गाठ आहे तिथे.”

कल्पनाने मशीन बंद केलं.

“कुणी सांगितलं?”

“डॉक्टर शहांनी. दोन आठवडे झाले. काढावी लागेल म्हणाले.”

ती कॉटवर बसली. त्याच्या थोरल्या भावाला, रघुनाथला, अशीच गाठ निघाली होती आणि चार महिन्यांत माणूस गेला होता. तिची नजर खिळ्यावरच्या स्कूटरच्या किल्लीकडे गेली. दहा वर्षं ‘बायकांचं काम नाही ते’ म्हणणारा नवरा गेले दोन आठवडे रोज संध्याकाळी तिला मैदानात स्कूटर शिकवत होता. आणि ती हुरळून शेजारणींना सांगत सुटली होती.

“म्हणून स्कूटर?”

“शाळेत जायला तुला कुणाची मिनतवारी करायला लागू नये,” तो फरशीकडे बघत म्हणाला.

तिला त्याचा भयंकर राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली. पदराने डोळे पुसून तिने वर्गातला आवाज काढला.

“डॉक्टर काय म्हणाले? जसंच्या तसं सांगा.”

“गांठ छे, काढवी पडशे,” त्याने डॉक्टरांचं गुजराती तसंच म्हणून दाखवलं.

“पुढे?”

“पुढे ते आतल्या खोलीत गेले. मी निघून आलो.”

“निघून आलात?”

“सुतात गाठ आली की आम्ही काय करतो? कापतो. अजून काय ऐकायचं होतं?”

“चला,” ती म्हणाली.

अथालहून सिल्वासाला पोचेपर्यंत कल्पना स्कूटरवर मागे पर्स घट्ट धरून बसली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या पाठीत अंगठा रुतवला, तसा नंदकुमार कळवळला.

“हीच ती गांठ. स्नायू आखडला आहे. दिवसभर मान वाकवून मशीनवर बघता ना? दाबून दाबून काढवी पडशे.” त्यांनी आतल्या खोलीतून लव झिजलेला एक टेनिसचा बॉल आणला. “त्या दिवशी हाच आणायला गेलो होतो, भाई. येऊन बघतो तर खुर्ची रिकामी.”

“मग ऑपरेशन?” नंदकुमारने विचारलं.

“कशाचं? बॉलचं?”

कल्पनाचा जीव भांड्यात पडला. “ध चा मा करायला लोकांना शत्रू लागतो,” ती म्हणाली. “तुमचं तुम्हीच भागवलंत.”

नंदकुमारने तिथेच पाठ आणि भिंतीच्या मध्ये बॉल धरला आणि हळूहळू खाली सरकला. एका जागी कळ बोटांपर्यंत गेली. तो तिथेच थांबला. थोड्या वेळाने कळ सैल पडत गेली आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते लपवावंसं त्याला वाटलं नाही.

बाहेर येऊन त्याने सवयीने किल्ली लावली आणि किक मारायला पाय उचलला. कल्पना पर्स काखेत घेऊन मागे बसायच्या तयारीत उभी होती. शिकवणी आता संपली, हे तिने धरूनच चाललं होतं. तक्रार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. माणूस धडधाकट होता, एवढं पुष्कळ झालं.

त्याने पाय खाली घेतला. किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.

“गिअर बदलताना अजून गचका देतेस तू,” तो म्हणाला. “उद्या परत मैदानात जाऊ.”

आणि बॉल मुठीत धरून तो मागच्या सीटवर बसला.