बुकूनला हाक मारणारा भोंगा

दुपारच्या सामसुमीत वाटी फरशीवर पडली, गरगरली आणि थांबली. घरातलं बाळ दचकलं. मी नाही, आवाजातच माझा जन्म गेला. मित्रांनो, ओसरीच्या खिळ्याला टांगलेला, काठाला पोचे आलेला जुना भोंगा तो मीच.

कोलकात्याच्या एका गल्लीत कारागिरानं पत्रा ठोकून ठोकून मला धोत्र्याच्या फुलासारखं उमलवलं. गावात दवंडी देणाऱ्या निरापददादांनी मला सायकलगाडीवर बांधलं आणि भागीरथीकाठच्या आमच्या गावभर मिरवलं. पूजेची वर्गणी, नाटकाचा खेळ, हरवलेली गाय, सगळं माझ्यातून गाजायचं. पोर हरवलं की मात्र दादांचा आवाज मऊ व्हायचा. "एक विनंती..." एवढं ऐकलं की माशाचा रस्सा कालवणारे हात थांबत, आणि माणसं पोराला शोधायला निघत.

मग मिठाईच्या दुकानात टीव्ही आला. त्यात हरवलेल्या पोराच्या बातमीलाही ढणढण संगीत असे, लाल अक्षरं नाचत. ती बघून माणसं पोराला नाही, चोराला शोधायला धावत. मी अडगळीत गेलो. माझ्या पोटात चिमणीनं काड्या भरल्या.

त्या आषाढात, रथाच्या जत्रेत शेजारच्या शेफालीचा पाच वर्षांचा बुकून हात सुटून हरवला. बापानं बातमीवाल्याला मुलाचं कागदावरचं नाव सांगितलं, आणि टीव्ही ओरडू लागला, "ऋद्धिमानला कुणी पळवलं? लाल काठाच्या साडीतली ती बाई कोण?"

"लाल काठ? मग माझ्यासकट निम्मं गाव बांधा की!" पापड तळणारी खेंतीमावशी फणकारली. पण ऐकतो कोण!

शेफाली धावत आमच्या दारात आली. "दादा, भोंगा काढा. ते टीव्हीवाले मला नुसतं रडायला सांगतायत हो!"

काड्या झटकून दादांनी मला गाडीवर चढवलं. जत्रेत पोचलो तर गर्दीनं कुणालातरी घेरलेलं. लाल काठाची साडी नेसलेली, मातीच्या बाहुल्या विकणारी परगावची पारुल होती ती. कडेवर रडून थकलेलं पोर.

"बाळा, तू ऋद्धिमान ना?" एकानं विचारलं.

पोरानं मान हलवली. नाही.

"बघा! हे भलतंच पोर! टोळी आहे हिची!"

"अरे बाबांनो, एकटाच रडत होता म्हणून घेतला..."

"मग टीव्ही खोटं बोलतो होय?" कुणीतरी बांबू उचलला.

मित्रांनो, आमच्याकडे प्रत्येक पोराला दोन नावं. एक शाळेचं, कागदावरचं. दुसरं आईच्या मांडीवरचं. बुकून अजून शाळेत गेलाच नव्हता. ऋद्धिमान कोण, त्याला काय ठाऊक?

गर्दीतून वाट मिळेना. शेफालीनं दादांच्या हातून माईक ओढून घेतला.

"बुकून! ए बुकूनसोना! आई आलीय रे!"

माझा पत्रा न् पत्रा थरारला. एवढं मोठं मी कधीच बोललो नव्हतो. आणि पारुलच्या कडेवरून उत्तर आलं, "मा!"

बांबू हळूच खाली आला. गर्दी दुभंगली. शेफालीनं लेकराला आणि पारुलला एकाच मिठीत घेतलं. बायकांनी जीभ हलवत मंगल उलूध्वनी केला, शंख वाजले. बांबूवाल्यानं पारुलची टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली. "दीदी, चुकलं माझं."

"जप हां! एक बाहुली जरी फुटली तर बघ," पारुल म्हणाली आणि डोळे पुसत हसली. आमची वरात निघाली. गाडीवर पारुल, शेफालीच्या मांडीवर बुकून, आणि सगळ्यांच्या पुढे मी!

मित्रांनो, मला पूजू नका, फक्त गंजू देऊ नका. आणि कुणाचं पोर हरवलं, तर आधी पोराला हाक मारा. बातमी जितकी जोरात ओरडेल, तितका हात आवरा.

शेफालीच्या हातातला माईक अजून चालूच होता. त्यामुळे बुकूनचा प्रश्न माझ्यातून साऱ्या जत्रेला ऐकू गेला.

"मा, ते काका मला शोधत होते ना? मग बाहुलीवाल्या मावशीला का मारत होते?"