रसाचा गाडा आणि नवा कूलर

कुंडलच्या केरूनानांनी मुंबईत जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेला, तेव्हा त्यांनी आपल्या साहेबाची जुनी पिकअप विकत घेतली आणि गावी आणली. तिला क्लचच नव्हता, गिअर आपोआप बदलायचे. गावानं नाकं मुरडली. "गिअर टाकायचा न्हाई, मग ती कसली गाडी रं?" नाना ऐकून घेत. दुखणारा गुडघा गावाचा नव्हता, त्यांचा होता.

पण मागच्या आठवड्यात याच गाडीनं त्यांना खाली पाहायला लावलं. त्यांची मुलगी दीपमाला दहिवडीला दिलेली, जावई मुंबईत कामाला. माणच्या उन्हात उसाचा रस हातोहात खपेल हे तिनंच हेरलं, आणि नानांनी तिच्यासाठी चाकांवरची रसवंती बांधून घेतली. ओतीव लोखंडाचा चरक आणि तो फिरवायला इंजिन. हा गाडा पिकअपच्या मागे जोडला, हौद्यात उसाच्या मोळ्या भरल्या आणि नाना दहिवडीच्या बाजाराला निघाले. विट्याच्या अलीकडच्या चढावर गिअरबॉक्सचं तेल तापलं, जळका वास सुटला आणि गाडी जागची हलेना. शेवटी ट्रॅक्टरनं ओढून सगळी वरात परत कुंडलला. बाजारात दीपमालाची जागा रिकामी राहिली. बाजाराच्या ठेकेदारानं तिला बजावलं, पुढच्या बाजारी दुपारपर्यंत गाडा उभा नसला तर जागा शेजारच्या चपलावाल्याची.

तासगावच्या अजीम मिस्त्रीनं गाडीखाली डोकं घातलं. "केरूनाना, गिअरबॉक्स चांगला हाय. पर तेल गार करायचा कूलर बशीएवढा, आन् तुमी वडताय हत्ती." त्यानं रेडिएटरच्या पुढे चांगला मोठा कूलर बसवला, नवं तेल भरलं आणि तेल किती तापलंय ते दाखवणारा काटा नानांच्या समोर लावून दिला. "काटा तांबड्यात गेला की थांबायचं. हट्ट करायचा न्हाई."

घरी आल्यावर नाना त्या कूलरकडे नव्या सुनेकडे पाहावं तसे पाहत राहिले. कुंडलला उसाच्या हंगामात रस्ताभर पाचट उडतं. रेडिएटर चोंदू नये म्हणून ट्रॅक्टरवाले पुढे जाळी बांधतात. मग इतक्या नाजूक पात्यांचा, नवाकोरा कूलर उघडा ठेवायचा म्हणजे काय! नानांनी बेदाण्याच्या शेडवरची उरलेली हिरवी शेडनेट मागून आणली, घडी घातली आणि तारेनं आवळून गाडीच्या तोंडावर बांधली. "नवरीवानी दिसतीया," मुक्ताबाई म्हणाल्या. बायकोनं गाडीचं कौतुक केलेलं नानांना फार आवडलं.

बाजाराच्या दिवशी दोघं निघाले. सपाटीला गाडी मजेत चालली. चढ लागला आणि काटा सरकायला लागला.

"आवं, काटा तांबड्याकडं चाललाय," मुक्ताबाई म्हणाल्या.

"दिसतंय मला."

काटा तांबड्याला टेकला. नानांनी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, गाड्याच्या चाकांमागे दगड लावले आणि अजीमला फोन केला. गाडीचं त्यांना काही वाटत नव्हतं. आपल्यापायी पोरीचं पहिलंच पाऊल अडतंय, एवढाच विचार डोक्यात होता.

"नाना, मोरनं वारा आडवणारं काय लावलंय का?" अजीमनं विचारलं.

"छ्या! काय न्हाई. जाळी तेवढी हाय."

"कसली जाळी?"

"शेडनेट. पाचट जाऊ नये म्हणून."

"येकपदरी?"

"चौपदरी," नाना ऐटीत म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांचा आवाज खाली गेला.

अजीम म्हणाला, "वारा लागावा म्हणून म्या कूलर मोरं बसवला, आन् तुमी त्याला गोधडी पांघरली व्हय?"

अति तिथं माती, ती अशी. नानांनी हौद्यातला कोयता ओढला आणि जाळीवर तुटून पडले. "आवं, हात कापून घ्याल!" मुक्ताबाई ओरडत होत्या. जाळी फाटून बाजूला झाली, आतला पंखा भसाभसा वारा ओढू लागला. बघता बघता काटा खाली यायला लागला. पुरता उतरेपर्यंत नानांनी त्याच्यावरची नजर काढली नाही.

मग दगड काढले आणि उरलेला चढ गाडीनं खालच्या गिअरात, बैलाच्या चालीनं, न थांबता चढला. काटा अधल्यामधल्या जागी असा बसला की हलायचं नाव नाही. माथ्यावर पोचले तेव्हा नानांचा जीव भांड्यात पडला. मुक्ताबाईंनी मिटलेले डोळे उघडले आणि पुढे मायणीपर्यंत नवऱ्याची मनसोक्त खेचली. नाना प्रत्येक टोमण्याला हसले. असं हसू त्यांना आठवडाभर आलं नव्हतं.

दहिवडीच्या बाजारात शिरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दीपमाला आपल्या जागेच्या मधोमध पदर डोक्यावर घेऊन उभी होती. शेजारी चपलावाला पोती बांधून उकिडवा बसला होता. ती जागेवरून कधी हलते म्हणून त्याची नजर तिच्या पायांवर होती.

"पोरी, सर बाजूला. गाडा मागं घितो," नाना म्हणाले.

"आदी चाकं येऊ द्या, नाना. मग सरते."

जन्म ड्रायव्हरकीत गेला, पण आज नाना खिडकीतून अर्धे बाहेर वाकून चाक बघत होते. गाडा इंचाइंचानं मागे गेला. चाक वीतभरावर आलं तेव्हा ती एक पाऊल मागे झाली, मग आणखी एक. गाडा जागेवर उभा राहिला. चपलावाल्यानं पोती उचलली आणि तो निघून गेला.

मुक्ताबाई घाईनं उतरल्या. "सकाळधरनं काय खाल्लंस का न्हाई गं?"

दीपमालानं नकारार्थी मान हलवली. घोटभर पाण्यासाठीही ती तिथून हलली नव्हती. आता तिनं गाड्याच्या चाकाला पाठ टेकली, तशीच खाली मातीत बसली आणि पाय लांब सोडले.

"आई," ती म्हणाली, "आता बसते गं जरा."