भिंतीवरची सत्तावीस हजार सातशे एकवीस

मी एक जुनी संख्या आहे, सत्तावीस हजार सातशे एकवीस. जयगडच्या खाडीपलीकडल्या एका वाडीत, शाळेच्या पडवीत, महिपत गुरुजींनी मला निळ्या रंगानं भिंतीवर काढलं. खाली लिहिलं, 'माझे सारखे वाटे घाला. एकही उरता कामा नये.'

मित्रांनो, दोनपासून बारापर्यंत कशानंही मला भागा, दर वेळी एक उरतोच. तो माझा स्वभाव. पोरं तेवढ्यावर खूश! आमच्याकडे रापणीचं जाळं ओढून झालं की वाळूवर मासळीचे वाटे घालतात, आणि त्याआधी देवाचा वाटा बाजूला काढतात. "गुरुजी, एक ऱ्हायला तो देवाचा," सर्वेश ओरडायचा. "गणित बरोबर!" की सगळी खेळायला पसार.

एकटी सानवी हटेना. "उरला म्हणजे चुकला," म्हणायची.

"अगो, देवाचा वाटा पण तुलाच हवा काय?" सर्वेश चिडवायचा.

तेरानं भागलं तर पाच उरले. तिनं सर्वेशला गाठलं. "काय रे, देवाची भूक वाढली वाटतं?"

चौदाला, पंधराला पुन्हा एक. सोळाला नऊ, सतराला अकरा. अठराला परत तोच मेला एक! सानवी रडवेली झाली. "उद्या पुढचा आकडा घे," गुरुजी म्हणाले. मी भिंतीवर नुसती तडफडले. पुढचाच, पोरी, पुढचाच!

तो उद्या आलाच नाही. वरून हुकूम आला. पट कमी, शाळा बंद, गुरुजींची बदली. खुर्चीत बसून भागाकार करणाऱ्यांना ही पोरं म्हणजे नको असलेली बाकी. दिली खोडून. कुणाला लाज वाटली नाही. सानवीचा बाप रामा म्हणाला, "तरीच्या होडीतून पलीकडल्या शाळेत रोज कोन सोडनार? बास झाली शाळा. घरात काय काम कमी हाय?" सानवी सुकट वाळवायला लागली.

इमारत सामान ठेवायला दिली. भिंतींना चुना लावायला माणूस आला, त्या सकाळी सानवी आणि सर्वेश पडवीत आले. चिडवणारा सर्वेशच हळूच म्हणाला, "अगो, एकोणीस ऱ्हायलाय की."

"नको," सानवी म्हणाली. "तुझंच बरोबर होतं. देवाचाच असंल तो."

आणि पाठ फिरवून गेली.

आता माझ्या अंगावर चुन्याचे दोन हात आहेत. मित्रांनो, एकोणीसनं भागा मला. एकोणीस वाटे, प्रत्येकात चौदाशे एकोणसाठ. देवालासुद्धा काही उरत नाही. तुमच्या शेजारचं पोर गणित अर्धं टाकून उठलं, तर त्याला पुन्हा बसवा. जे उरलं ते देवाच्या माथी मारू नका. आणि खाडीकाठी सुकट पसरणारी एक मुलगी दिसली, तर तिला एवढंच सांगा, एकोणीस. मी ओरडतेय, पण चुन्याखालून ऐकू जात नाही.