दुसऱ्या नंबरचा वाद

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही ओळखाल, पण पुन्हा वळून पाहणार नाही. मी एका चंदेरी गाडीच्या डॅशबोर्डमध्ये बसवलेला जुना सीडी प्लेअर आहे. एका वेळी सहा सीडी पोटात ठेवता येतात, ही एके काळी माझी ऐट होती. आता माझं बटण दाबलं की आत थोडी घरघर होते आणि छोट्या पडद्यावर 'एरर' एवढंच उमटतं. मिशिगनमधल्या नोव्हाय गावी, एका घरासमोर, ही गाडी बर्फात उभी आहे. या आठवड्यात ती विकली जाणार आहे. त्याआधी माझी हकीकत तुम्हाला सांगावी असं वाटतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. एका बाईने माझ्या तोंडात सीडी घातली, मान तिरपी करून ऐकलं आणि माझ्या पाठीवर हिरवा ठिपका चिकटवला. 'हा चालेल' असा त्या ठिपक्याचा अर्थ होता. ती मला मिळालेली पहिली शाबासकी.

२००१ च्या नोव्हेंबरात देवदत्तने ही गाडी घेतली. तो पुण्याचा. मोटारींचे ब्रेक तपासणाऱ्या एका कंपनीत तो इंजिनिअर होता आणि त्याच्या हाताखाली एक छोटा गट होता. ऑफिस डेट्रॉइटच्या पलीकडे, नोव्हायपासून चाळीस मिनिटांवर. पहिल्याच हिवाळ्यात त्याच्याच गटातल्या रवींद्रची जुनी गाडी थंडीने सुरू होईना, म्हणून देवदत्त त्याला सोबत नेऊ लागला. रवींद्र नागपूरचा, शेजारच्या अपार्टमेंटमध्ये बायको शैलजाबरोबर राहणारा. महिनाभरात वीणाही येऊ लागली. ती मुंबईची, त्याच गटात. देवदत्त गाडी चालवायचा, रवींद्र त्याच्या शेजारी आणि वीणा मागे. माझ्या सहा जागा त्यांनी वाटून घेतल्या, प्रत्येकाला दोन.

पहिल्याच आठवड्यात भांडण झालं. सगळ्यात मोठा गायक कोण, यावरून देवदत्त आणि रवींद्र इतके हटून बसले की दोन दिवस गाडीत कुणी बोललंच नाही. मीही बंद होतो. तिसऱ्या दिवशी वीणाने मागून नियम घातला. ती म्हणाली, "तुमचा पहिला नंबर तुमच्या मनात ठेवा. त्यावर या गाडीत बोलायचं नाही. वाद घालायचा तर दुसऱ्या नंबरवर घाला, यार. त्यात कुणाचं मन दुखणार नाही."

हा नियम सहा वर्षं टिकला. देवदत्तचा दुसरा नंबर ठरलेला होता. सुशीलाबाई वाळवेकर नावाच्या, जुन्या काळातल्या नाट्यगीतं गाणाऱ्या बाई. वीणाला डेट्रॉइटच्याच एका जुन्या बँडने वेड लावलं होतं, 'ईस्ट जेफरसन फोर' हे त्याचं नाव. सेकंडहँड सीडींच्या दुकानात तिला तो सापडला होता. आणि रवींद्रचा दुसरा नंबर होता बंडू ठोसर. हा बंडू नागपुरात गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात गायचा. त्याची जगात एकच कॅसेट निघाली होती आणि रवींद्रने तिची सीडी करून आणली होती. गाण्यामागे कुठेतरी जनरेटरचा आवाजही ऐकू यायचा.

देवदत्त म्हणायचा, ज्याला कुणी ओळखत नाही तो दुसरा नंबर कसा असेल. रवींद्र म्हणायचा, ओळख हा निकष असेल तर सुशीलाबाईंना तरी इथे मिशिगनमध्ये कोण ओळखतं. वीणा विचारायची की तुमच्यापैकी कुणाला तरी ताल धरता येतो का. मग तिघं हसायची. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकणारे ट्रक पुढे चाललेले असायचे, वायपर खरखरत असायचे, आणि मी एकामागून एक तिघांचेही दुसरे नंबर गात असायचो. कधी कधी रवींद्र डॅशबोर्डवर थाप मारून म्हणायचा की खरा निःपक्षपाती इथे हा एकटाच आहे. मला फार बरं वाटायचं.

२००५ च्या मार्चमध्ये रवींद्रची आई नागपुरात वारली. व्हिसाचं काहीतरी अडलं होतं, तो गेला असता तर त्याला परत येता आलं नसतं. तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा डबा घेऊन गाडीत येऊन बसला. देवदत्तने ऑफिसचं वळण सोडून दिलं. एका तळ्याच्या काठाला गाडी लावली आणि ती तिघं दुपारपर्यंत तिथेच बसून राहिली. मला कुणी सुरू केलं नाही. देवदत्तने थर्मासमधला चहा रवींद्रच्या हातात दिला आणि म्हणाला, "मी आहे इथे." इतकंच. रवींद्र त्यानंतर मोठ्याने रडला. हे तुम्हाला सांगतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल की देवदत्त वाईट माणूस होता. तो तसा नव्हता.

मग मोटारींच्या धंद्याला उतरती कळा लागली. येता-जाता लागणारी कारखान्यांची आवारं रिकामी पडू लागली. एकेक दिवा कमी होत गेला. गाडीतले वाद चालू होते, पण मध्येच कुणीतरी म्हणायचं की अमक्याची नोकरी गेली, आणि मग एक अख्खं गाणं शांततेत जायचं.

२००८ च्या मे महिन्यातला तो सोमवार. भर दुपारी देवदत्त एकटाच गाडीत येऊन बसला. काचा बंद केल्या आणि घरी शुभाला, म्हणजे त्याच्या बायकोला, फोन लावला. तिचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. त्याचं आलं. गटातला एक माणूस महिनाअखेर कमी करायचा होता. रवींद्र आणि वीणा, दोघांची नावं क्रमाने लिहून दे, असं त्याला सांगितलं होतं. पहिलं नाव राहणार, दुसरं जाणार. बाहेर कुणाला बोललास तर तुझंही नाव जाईल, असंही बजावलं होतं. "वीणाचं काम जास्त लागतं," तो म्हणाला. "सगळे तेच म्हणतील. लिहिलं मी." थोडा वेळ तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "कसं सांगू? सही घेतलीये माझी." फोन ठेवून तो बराच वेळ स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता.

त्याच संध्याकाळी वीणाला तिच्या घरी सोडल्यावर रवींद्र बोलता झाला. टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून त्याला ऑफर आली होती. सॉफ्टवेअरची कंपनी, व्हिसाही तेच ट्रान्सफर करणार होते. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. पण ग्रीन कार्डाची फाइल इथे अर्ध्यावर आली होती. शैलजा रविवारच्या मराठी शाळेत शिकवायची, तिचा जीव इथे रमला होता. रवींद्रचा पाय निघत नव्हता.

तो म्हणाला, "तू सांग बे. तू जा म्हणालास तर जातो."

मित्रांनो, 'जा' एवढं एकच अक्षर बोलायचं होतं. त्यात कुठलंही गुपित फुटत नव्हतं. रवींद्र आपण होऊन गेला असता तर यादीचीही गरज उरली नसती. मी वाट पाहिली. देवदत्तचा हात स्टिअरिंगवरून उचलला गेला आणि माझ्याकडे आला. त्याने माझा आवाज वाढवला.

"घाई कशाला करतोस," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "इथलं काम चालू तर आहे."

त्या वेळी मी सुशीलाबाईंचं पद गात होतो. मला थांबता येत नव्हतं. यंत्राला आपणहून गप्प बसता येत नाही, हे दुःख मला तेव्हा कळलं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस देवदत्त रोज रवींद्रच्या शेजारी बसून चाळीस मिनिटं गेला आणि चाळीस मिनिटं आला. वादही झाले. रवींद्रने त्या आठवड्यात बंडू ठोसरची बाजू अशी काही लढवली की वीणानेही हार मानली. देवदत्त हसला. ते हसू रोज थोडं उशिरा यायचं. शुक्रवारी सकाळी गाडीत बसता बसता रवींद्रने सांगितलं की फ्रिस्कोला 'नाही' कळवून टाकलं. वीणाने मागून टाळ्या वाजवल्या. देवदत्तने पुढच्या सिग्नलला ब्रेक इतक्या जोरात दाबला की माझ्या आतली सीडी अडखळली.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, देवदत्त आणि रवींद्र पार्किंगमध्ये आले. रवींद्रच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं. मागे थोड्या अंतरावर सिक्युरिटीचा माणूस उभा होता. रवींद्रला तडकाफडकी घरी जायला सांगितलं होतं, पण घरी जायला त्याची स्वतःची गाडी तिथे नव्हती. तो आला होता देवदत्तच्या गाडीतून. देवदत्त म्हणाला की घरी सोडतो. रवींद्र म्हणाला, "तुझी मीटिंग आहे ना. जा तू. किल्ली दे फक्त."

अकरापासून पाचपर्यंत तो आपल्या नेहमीच्या जागेवर, मांडीवर खोकं घेऊन बसला. बाहेर ऊन होतं. त्याने आधी शैलजाला फोन केला आणि नंतर फ्रिस्कोला. त्यांच्याशी तो इंग्रजीत फार नम्रपणे बोलला. ती जागा भरली होती. मग त्याने वकिलाला विचारलं. नोकरी संपली की त्या व्हिसावर इथे राहणंही संपतं, असं उत्तर मिळालं. फोन खिशात ठेवून तो माझ्याकडे वळला. बटण दाबून त्याने आपल्या दोन्ही सीडी एकेक करून बाहेर काढल्या, शर्टाला पुसल्या आणि खोक्यात ठेवल्या. त्याची बोटं तेव्हा अगदी स्थिर होती.

जूनच्या मध्यावर देवदत्तनेच त्या दोघांना विमानतळावर पोचवलं. रवींद्रने नको म्हटलं नाही. सात वर्षांचा संसार चार बॅगांत बसवला होता, बाकीचं वाटून टाकलं होतं. शैलजा मागे बसली होती. वाटेत कुणी मला सुरू केलं नाही. गाडी दारासमोर थांबली, बॅगा उतरल्या, आणि रवींद्र उघड्या खिडकीपाशी वाकला.

"एक विचारतो," तो म्हणाला. "तुला कधी कळलं होतं?"

देवदत्तला खोटं बोलता आलं असतं. "सोमवारी," तो म्हणाला. "दुपारी."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा."

"हो. मला वाटलं, रद्द होईल ती यादी. भीतीही वाटली." मग अगदी हळू म्हणाला, "आणि तू जाऊ नयेस असं वाटत होतं, रव्या."

मला वाटलं रवींद्र ओरडेल. शैलजाने सगळं ऐकलं होतं. ती पाठ फिरवून बॅगांपाशी जाऊन उभी राहिली. रवींद्र सरळ झाला आणि म्हणाला, "गाडी हलव. मागे पोलीस येतोय."

हे त्याचे देवदत्तशी बोललेले शेवटचे शब्द. पुढे देवदत्तने मेल पाठवले, फोन केले. उत्तर आलं नाही. रवींद्र नागपुरात एका मोटारींच्या शोरूममध्ये तक्रारी लिहून घेतो, एवढं वीणाकडून कळलं.

वीणानेही फार दिवस सोबत केली नाही. यादीचं तिच्याही कानावर गेलं होतं. एका सकाळी ती मागून पुढच्या रिकाम्या सीटवर येऊन बसली आणि विचारलं, "यादीत मी वर होते?" देवदत्तने होकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, "तुझं चुकलं की नाही ते मला ठरवता येत नाही, देवदत्त. पण या सीटवर मला बसवत नाही." दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच्या गाडीने जाऊ लागली. तिच्या सीडी अजून माझ्या पोटात अडकून आहेत.

त्यानंतर देवदत्तने मला हात लावला नाही. माझ्या तोंडावर धूळ बसली, आत ओल गेली, आणि ज्या भिंगाने मी सीडी वाचायचो ते आंधळं होत गेलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कंपनीने तो सबंध विभागच बंद केला. वीणाची नोकरी गेली, देवदत्तचीही गेली. जी नोकरी वाचवायला तो गप्प राहिला, ती सहा महिने टिकली.

काल त्याची सोळा वर्षांची मुलगी कादंबरी गाडीतले कागदपत्र काढायला त्याच्याबरोबर आली होती. तिने माझं बटण दाबून पाहिलं. मी प्रयत्न केला. मला जमलं नाही. ती म्हणाली की रवींद्रकाका होते तेव्हा हा सारखा वाजायचा, मग काय झालं. देवदत्तने तिला सगळं सांगितलं, काहीच न वगळता. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "बट बाबा, व्हाय डिडंट यू जस्ट टेल हिम?"

देवदत्त समोरच्या काचेवर साचलेल्या बर्फाकडे बघत राहिला. थोड्या वेळाने ती उतरून घरात गेली. तो तिथेच बसून राहिला.

मित्रांनो, यंत्राची निगा राखा, त्याला धूळ आणि ओल लागू देऊ नका, हे मी तुम्हाला सांगायला हवं. तेही सांगतो. पण मी सहा वर्षं तीन माणसांना जवळून ऐकलं आहे, म्हणून आणखी एक मागणं मागतो. ज्या गोष्टीवर तुमच्या मित्राचं पुढचं सगळं अवलंबून आहे, ती तुम्हाला ठाऊक असेल, तर उद्यावर टाकू नका. भीती वाटेल, तरी टाकू नका. गाडी बाजूला घ्या. गाणं कितीही आवडीचं असो, ते बंद करा. आणि सांगा.