तोंडावरचं फडकं

आमच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये ऐकायला कान नाही, डोळे लागतात. सगळे माग धडधडायला लागले की माणसाला स्वतःची शिंकसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून आम्ही बायका नुसते ओठ हलवून बोलतो, घसा वापरतच नाही. धुळीसाठी तोंडावर बांधायला कंपनीने फडकी दिली आहेत, ती खिशात घडी करून पडलेली असतात. तोंड बांधलं तर गप्पा कशा मारणार?

माझी धाकटी नणंद शेजारच्याच मागावर होती. सगळे तिला टकळीच म्हणायचे. बोट कापलं तरी बडबड चालूच, वर मला ताकीद, आईला सांगू नकोस. ती मागात ओढली जाऊन गेली. कंपनी म्हणते, चालू मागात हात घातला, चूक तिचीच. बघणारी मी एकटी. चौकशीत मी तोंड उघडलं नाही, तर निष्काळजी हा शिक्का तिच्यावर कायमचा बसणार होता.

आणि माझी चारचौघांत बोलायचं म्हटलं की बोबडी वळते. नवऱ्याने रोज ओट्यापुढे उभं करून माझ्याकडून वदवून घेतलं. युनियनचे पुढारी म्हणाले, समोर कांदेबटाटे बसलेत असं समजायचं. शहाणेच आहेत. कांदेबटाटे कधी उलटतपासणी घेतात का? पण खरं सांगते, भीतीसुद्धा धड वाटत नव्हती. ती गेल्यापासून मला धड काहीच वाटत नाही. चहात साखर आहे की नाही, तेही कळत नाही.

सासूबाईंचा एकच धोशा होता, माझी पोर निष्काळजी नव्हती हे सगळ्यांसमोर ठरलं पाहिजे. त्यांची हयात मागावर गेली आणि त्यातच कान गेले. समोरच्याच्या ओठांवरून त्या सगळं ओळखतात. ती झटक्यात गेली, तिला काही कळलंही नाही, असं आम्ही त्यांना सांगितलं होतं. तुम्ही येऊ नका म्हटलं, तरी हट्टाने आल्या आणि पहिल्याच रांगेत बसल्या.

चौकशीचे साहेब सावकाश काम करणारे होते. कारकुनाला लिहून घेता यावं म्हणून प्रत्येक उत्तर स्वतः मोठ्याने परत म्हणायचे. माझी पाळी आली. मी साहेबांच्या टेबलाशेजारी लोकांकडे तोंड करून उभी राहिले आणि सांगितलं, की तिने माग आधी बंद केला, मगच तुटलेला दोरा घ्यायला हात घातला, माग आपोआप सुरू झाला. मनात म्हटलं, जमलं की गं बाई. मागच्या रांगांत आमच्या शेडमधल्या बायका डोळे पुसत होत्या. सासूबाई मान डोलवत होत्या.

"बाई, बोला ना," साहेब म्हणाले.

कंपनीचा वकील हसला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी शेडमधल्यासारखे नुसते ओठ हलवले होते.

आता परत सांगायचं, आणि पुढचंही सांगायचं. माग थांबवायचं लाल बटण मी दाबत राहिले, ते चाललंच नाही. मेन स्विच बंद होईपर्यंत पाव तास गेला, आणि तेवढा वेळ ती शुद्धीवर होती. ते सांगितल्याशिवाय माग बिघडलेला होता हे कोणी मानणार नव्हतं. आणि सासूबाई माझ्या ओठांवर डोळे लावून बसल्या होत्या.

मी खिशातून फडकं काढलं आणि तोंडावर बांधलं. ओठ गेले. आता घशाशिवाय गती नव्हती. आधी नुसती खरखर आली, मग आवाज आला, चांगला खणखणीत. पलीकडच्या खोलीत कोणीतरी बाई बोलतेय असं मी तो ऐकत राहिले. सगळं सांगितलं. ती शेवटी काही बोलली का, असं साहेबांनी विचारलं, तेवढ्याला नाही म्हटलं.

साहेबांनी कागदावर चूक मागाची आणि बटणाची लिहायला लावली. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, वाघिणीसारखी बोललीस. मला त्याचंही काही वाटलं नाही. तो रिक्षा बघायला गेला.

सासूबाई पायरीवर बसल्या. फडक्यामागून काय सांगितलंस, त्यांनी विचारलं. मी तोंड मोकळं करून सांगितलं, चूक तिची नव्हती, आणि ती झटक्यात गेली.

"त्या साहेबाच्या तोंडावर फडकं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा त्यांचा आवाज मोठा आहे. येणारेजाणारे बघायला लागले.

मी खाली बघितलं. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं.

"पाव तास तू तिला दिसत होतीस ना?"

मी हो म्हटलं.

"मग ती गप्प बसली नसणार. काय म्हणाली?"

एवढ्या लोकांपुढे निघालेला आवाज आता घशातून बाहेर येईना. सासूबाईंना तो लागतही नाही. मी नुसते ओठ हलवले.

"आईला सांगू नकोस."

त्यांनी ते वाचलं. मग शेजारची पायरी पदराने पुसली आणि मला बसायला सांगितलं.