नंदनवनातला रडणारा खांब

नंदनवन वस्तीत रुखमाबाईच्या अर्धवट बांधलेल्या घरासमोर अख्खी गल्ली जमली होती. लोकं मोबाईल उंच धरून शूटिंग करून राहिले होते. खांबवाले महाराज हातावर तंबाखू-चुना मळत ओरडले, "ह्या घरात पापी पाय पडला! कोणाचा, ते खांब सांगन! पाप्यानं पाणी टाकलं का तो रडन!"

तो पाय म्हणे माह्या बहिणीचा, काजलचा. सासरा स्लॅबवरून पडला, त्याचा पाय मोडला, अन् नाव आलं नव्या सुनेवर. आज खांबानं कौल दिला का काजलले कायमचं माहेरी धाडायचं, असं तिच्या सासूनं, रुखमाबाईनं ठरवलं होतं. काजल फोनवर लय रडली, म्हणून मी आमच्या भाडेकरू वैदेहीताईच्या गाडीवर बसून आली.

महाराजानं लोटा दिला. रुखमाबाईनं अंगणातल्या जुन्या, प्लास्टर पडलेल्या खांबावर पाणी टाकलं. काहीच नाही. काजलले मात्र नव्या खांबापाशी नेलं. कालच त्याच्या काँक्रीट ओतायच्या फळ्या काढल्या होत्या. तिनं पाणी टाकलं, अन् खांबावरून गुलाबी धारा उतरल्या.

"रगत! खांब रडते वं माय!" बाया मागं सरकल्या.

काजलचा नवरा, जितेंद्र भाऊजी, मान खाली घालून उभा. माहं डोकं सटकलं.

वैदेहीताई हसून राहिली होती. ती एम.टेक. करते, कोळशाची राख मिसळलेल्या काँक्रीटवर. "पिंकी, लोट्यातल्या पाण्यात तर आमच्या लॅबमधलं औषध आहे. काँक्रीटचे ठोकळे फोडून मी त्यांच्यावर रोज हेच फवारते."

मंग काय! मी लोटा हिसकला अन् रुखमाबाईपुढं धरला.

"मावशी, ह्याच खांबावर आता तुमी टाका."

"मी काहून?"

"पाप नाही ना? मंग भेता काहून?"

टाकलं. गुलाबीच! मागून एक बाई म्हणे, "रुखमाबाई, तुमचं माहेर कुठलं वं?" गल्ली फिदीफिदी हसली.

"पोरीनं लोटा बाटवला!" महाराज बोंबलले.

"असं का गा? मंग तूच शुद्ध कर!" उरलेलं पाणी मी त्याच्या चुन्याच्या बोटांवर ओतलं. बोटं गुलाबी. धोतराले पुसली, धोतर गुलाबी.

"महाराज, तुमी कोणाचा पाय मोडला?"

तो पळाला. मी चप्पल काढली होती, ताईनं हात धरला. सोडायचा होता तिनं.

ताईनं लोकांले सांगितलं, "नव्या काँक्रीटमध्ये चुन्याचा अंश असतो. लोट्यातलं हे औषध त्याला लागलं की गुलाबी होतं. जुन्या खांबातला तो चुना हवेनं मारला, म्हणून रंग नाही. हा चुनाच आतल्या सळयांना गंजू देत नाही. तुमचा रडणारा खांबच ठणठणीत आहे. त्या जुन्यातल्या सळया गंजतील, तो आधी दुरुस्त करा."

रुखमाबाई म्हणे, "चल वं काजल, आत. चहा मांड."

काजल हलली नाही. "आधी माफी. पापी सगळ्यायसमोर म्हणलं ना? माफी बी सगळ्यायसमोर. तुमी बी, अन् तुमचा पोरगा बी."

सासू पुटपुटली.

"मोठ्यानं," मी म्हणलं. "शूटिंगमध्ये आवाज नाही येऊन राहिला."

तिनं मोठ्यानं मागितली. भाऊजीनंही मागितली. मले अजून बी कमीच वाटते.

तुमच्या गल्लीत कोणी असा लोटा घेऊन आला, तर बाईचा पाय नका तपासू. पाणी तपासा.